सराफाचा दात

नाण्याच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत एक खळगा होता. लांबी दीड मिलिमीटर, खोली पाव मिलिमीटरहून कमी. त्याच्या शेजारी, एक मिलिमीटर जागा सोडून, दुसरा. तो लहान आणि तिरपा होता, एका बाजूने टवका उडाल्यासारखा. नाणं उलटं केलं तर मागच्या बाजूला त्याच ठिकाणी आणखी दोन पुसट खळगे. मी सूक्ष्मदर्शकाचं भिंग बदललं. चाळीसपट मोठं केल्यावर पहिल्या खळग्याच्या तळाशी बारीक, गोल छिद्रं दिसली, निवत आलेल्या दुधाच्या सायीवर असतात तशी.

मी वहीत लिहिलं, "खळग्याच्या तळाशीही ओतकामाची छिद्रं." लिहिलं तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

"झालं का मॅडम?" दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या देशमान्यांनी विचारलं. ते ट्रेझरीतले कारकून. पाच नाण्यांची लाल पिशवी त्यांच्या ताब्यात होती आणि ती त्यांच्या नजरेआड होता कामा नये असा हुकूम होता.

"अजून दोन राहिलीत."

"ह्या पाच टिकल्यांपायी माझं जेवण राहिलं. आमची ही म्हणते, दिवसभर सोन्याजवळ बसता अन् घरी येताना भोपळा आणता."

मी हसले असेन. मार्च महिना होता.

या गोष्टीला आता एकोणचाळीस वर्षं झाली. मी तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. डिसेंबरात एका गढीच्या पायथ्याशी विहीर खोदताना यल्लप्पा नावाच्या वडाराला तांब्याच्या लोट्यात सत्तावीस सोन्याची नाणी सापडली. बहमनी सुलतानांचे टंके, सहाशे वर्षांपूर्वीचे. त्याने लोटा फडक्यात बांधला आणि तसाच चालत तहसील कचेरीत नेऊन दिला. नाणी सील होऊन ट्रेझरीत गेली. जानेवारीत ती वाचण्यासाठी गंगाधरराव मुळावेकर सरांकडे तीन आठवडे दिली गेली, कारण नाण्यांवरची अक्षरं वाचू शकेल असा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. अरबी अक्षर झिजून अर्धं उरलं तरी ते बोट न लावता वाचत. वाचून झाल्यावर सरांनी स्वतः नाणी माझ्या प्रयोगशाळेत आणली. मी प्रत्येक नाणं आधी हवेत तोललं, मग दोऱ्याला बांधून पाण्यात तोललं, घनता काढली आणि सत्तावीस ओळींच्या तक्त्याखाली लिहिलं, "सर्व नाणी अस्सल." खाली सही केली.

फेब्रुवारीत मुंबईहून एक नाणेतज्ज्ञ आले. त्यांनी भिंगातून पाहून सांगितलं, यातली पाच बनावट आहेत. पाचही दुर्मीळ सालांची, बहमनींची राजधानी अहसनाबाद, तिथल्या टाकसाळीची. त्या काळी सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा मारत. दबलेलं सोनं कडेकडे सरकतं आणि त्याच्या रेषा उरतात. या पाचांत रेषा नव्हत्या, छिद्रं होती. म्हणजे ती साच्यात ओतलेली होती. सोनं मात्र जुनंच होतं, म्हणून माझ्या तराजूला काही कळलं नाही.

पोलिसांनी यल्लप्पाला उचललं. खरी पाच त्याने लपवली आणि खोटी आणून दिली, असा आरोप. त्याला कोठडीत जाऊन अकरा दिवस झाले होते. बनावट नाणी केव्हा मिसळली गेली, हे बुधवारी लेखी सांगा असं उपजिल्हाधिकारी भालेराव यांनी मला कळवलं होतं. गुरुवारी त्याच्यावर आरोपपत्र दाखल होणार होतं. आज सोमवार होता.

"मॅडम, बाहेर ती बसलीय," देशमाने म्हणाले. "विहीरवाली. दोन तास झाले. जा म्हटलं तर जात नाही."

"येऊ द्या."

नागव्वा, यल्लप्पाची बायको, दारातच थांबली. तिशीची असेल. हिरवं लुगडं, तळपायांना चुन्यासारखी पांढरी भेग. चपला तिने बाहेरच काढल्या होत्या.

"तुमीच पान्यात घालून बगितलं म्हनं सोनं."

"हो."

"मंग खरं सोनं हाय का न्हाई?"

"सोनं खरं आहे. नाणी खोटी आहेत."

तिने माझ्याकडे, मग देशमान्यांकडे पाहिलं. "हे कसं वं बाई? सोनं खरं, नानं खोटं?"

"मला पण ते नीट कळलं नाही," देशमाने म्हणाले. "पण मॅडम शिकलेल्या आहेत."

"मालकाला भेटू दिना झालेत. काल भाकर घिऊन गेल्ते, ती पन परत दिली. आत खोकत हुता, बाहेर ऐकू यीत हुतं." ती खाली बसली. "म्या म्हनले त्याला तवाच, लोटा गाडून टाक पुन्हा. आपलं न्हाई, आपल्याला नगं. तर म्हनला, सरकारचं हाय, सरकारला देऊ. देऊ म्हनला! अकरा वाजता घावलं, एकच्या भोंग्याला आमी कचेरीत. पाय सोलले माझे."

"तिथे कुणी काही विचारलं?"

"इचारलं ना. कितीक घेतले म्हनं. सायबाम्होरं पदर झाडून दावला म्या." मग ती एकदम हसली, स्वतःवरच. "एक खरं सांगू का? दात लावला हुता म्या. एकाला. खड्ड्यातच. मालक वरडला, अगं देवाधर्माचं असंल. म्या म्हनलं, पितळ हाय का सोनं हाय बगू तर द्या. मऊ लागलं. गुळावानी."

हसताना तिचे वरचे दात दिसले. समोरच्या दोनांपैकी उजव्या दाताचा कोपरा तिरपा उडालेला होता.

"हा दात कशानं तुटला?"

"कपची उडाली दगडाची. लगीन व्हायच्या आदी."

मी उठले. बाटल्यांची तोंडं बंद करायला आम्ही मेण वापरत असू. त्याचा एक तुकडा कोमट पाण्यात धरून चपटा केला आणि तिच्यासमोर धरला.

"याला दात लावा. तसंच, नाण्याला लावला होता तसा. हळू."

"ह्ये काय खायाचं असतंय?"

"खायचं नाही. नुसतं दाबायचं."

"आता दाताचा फोटू काढतेत का काय," देशमाने म्हणाले. तिने तोंडावर पदर घेऊन मेणाला दात लावला आणि तुकडा मला परत दिला. वर थुंकी राहिली म्हणून पदराने पुसला.

मी तो भिंगाखाली ठेवला. पहिला खळगा दीड मिलिमीटर. मध्ये एक मिलिमीटर जागा. दुसरा लहान, तिरपा, एका बाजूने टवका उडालेला. नाणं आणि मेण मी चार वेळा आलटूनपालटून पाहिलं. चौथ्या वेळी गरज नव्हती.

मग ती छिद्रं. नागव्वाने हेच नाणं चावलं असतं तर खळग्याचा तळ दाबला जाऊन गुळगुळीत झाला असता. पण तळाशी छिद्रं होती. खळगा या नाण्यात चावून पडला नव्हता, नाण्यासकट ओतला गेला होता. तिने चावलं ते खरं नाणं, आणि त्या खऱ्या नाण्यावरून कुणीतरी नंतर साचा घेतला होता. नंतर. आणि लोटा तर दोन तासांत तहसीलात पोचला होता.

तिथून ट्रेझरीत तो सीलबंद होता, आणि त्यानंतर तीन आठवडे एकाच घरात.

"काय दिसलं?" नागव्वाने विचारलं.

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "बुधवारी कलेक्टर कचेरीत या. अकराला."

"यिऊन काय करू?"

"बसून राहा."

ती गेल्यावर देशमान्यांनी नाणी मोजून पिशवीत भरली, लाख तापवून सील केलं. जाताना म्हणाले, "मॅडम, तुमचा चेहरा उतरलाय. जेवून घ्या."

मंगळवारी चार वाजता मी सरांकडे गेले. मेणाचा तुकडा काड्यापेटीत कापसात ठेवून पर्समध्ये घेतला होता. का घेतला ते मला सांगता येत नव्हतं. कदाचित त्यांनी तो पाहून मला एखादी साधी चूक दाखवावी, असं वाटत होतं. त्यांनी माझ्या चुका नेहमी दाखवल्या होत्या.

"ये, प्रमिला. आधी पाणी पी. ऊन फार आहे."

त्यांच्या पुढच्या खोलीत सागवानी कपाट होतं. त्याच्या प्रत्येक खणात हिरव्या बनातीवर गोल घरं कोरलेली, आणि प्रत्येक घरात एक नाणं. त्या नाण्यांची यादी मीच पाच वर्षं खपून केली होती. स्वयंपाकघरामागे एक पत्र्याची शेड होती. तिथे सर शाळांसाठी नाण्यांच्या पितळी प्रतिकृती ओतत, लहानशा भट्टीत. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मुलांना इतिहास हातात धरता यावा, असं ते म्हणत.  खोलीत धातू वितळवताना घालतात त्या टाकणखाराचा वास मुरलेला होता.

मी खण ओढला. खालच्या ओळीतली पाच घरं रिकामी होती.

"इथली कुठे गेली, सर?"

"कुठली?"

"बहमनी. झिजलेली पाच. त्यांची वजनं माझ्या वहीत आहेत."

"हां, ती. दिली एकाला. ओबडधोबड होती." त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता, सुकून तपकिरी झालेला. "तुला भालेरावांनी बोलावलंय ना उद्या? मलाही बोलावलंय."

"सर, तुमच्या अहवालात एका नाण्याच्या कडेवर दाताची खूण आहे असं लिहिलंय."

त्यांचा चेहरा उजळला. शिकवताना उजळायचा तसाच. "पाहिलीस ना? सहाशे वर्षांपूर्वी अहसनाबादच्या बाजारात कुणा सराफानं ते दाताखाली धरून पाहिलं असेल. सोनं, अक्षर, राजा, सगळं विसर. एक माणूस, त्याचा दात. नाण्यावर एवढी जिवंत खूण मी आयुष्यात पाहिली नाही. म्हणून तर ती जपली..."

ते थांबले.

"जपली म्हणजे?" मी विचारलं.

"नोंदवली."

"तो सराफाचा दात नाही, सर. यल्लप्पाच्या बायकोचा आहे. डिसेंबरातला."

सरांनी हात पुढे केला. "कशावरून?"

मी काड्यापेटी दिली. त्यांनी मेणाचा तुकडा काढला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला. त्यांना किती कळलं ते मला दिसलं, कारण त्यांनी तो मला परत दिला नाही. मूठ मिटली.

"तिजोरीत गेल्यावर नाण्यांचं काय होतं माहीत आहे तुला? लाल फडकं, लाख, वर शिक्का. पन्नास वर्षं कुणी उघडत नाही. एखादा ट्रेझरी ऑफिसर निवृत्त होताना मोजतो, परत बांधतो. त्यावर लिहिलेलं कुणीही वाचणार नाही. मी रोज वाचतो."

वाचतो म्हणाले. 'वाचायचो' नव्हे. म्हणजे खरी पाच अजून याच घरात होती.

"आणि यल्लप्पा?"

"त्याचं काय? सहा महिने, आठ महिने. ती माणसं दगड फोडतात, प्रमिला. त्यांना तुरुंग आपल्यासारखा जड जात नाही."

"तो कोठडीत खोकतोय."

"खैर. सगळेच खोकतात." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू काय सांगणार आहेस उद्या? पहिला प्रश्न तुलाच विचारतील. बाई, तुम्ही तर सही केलीत. सत्तावीस वेळा तोललं, सत्तावीस वेळा अस्सल लिहिलं. मग तुमचं शास्त्र काय, तुमचं कॉलेज काय. मला या वयात कोण काय करणार? तुझी अजून वीस वर्षं नोकरी आहे." मग हळूच, "तुझ्या वडिलांच्या ओसरीवर मी तीन दिवस येऊन बसलो होतो. तुला एमएस्सीला पुण्याला पाठवा म्हणून. तिसऱ्या दिवशी ते उठून आत गेले, तरी बसून राहिलो. आठवतं?"

"आठवतं."

ते खरंच होतं. आजही खरं आहे.

त्यांनी मूठ उघडली. मेण तळहाताच्या उबेने मऊ होऊन चपटं झालं होतं, त्यांच्या हातावरच्या रेषा त्यावर उमटल्या होत्या. दातांचं काही उरलं नव्हतं. ती मूठ किमान दोन मिनिटं माझ्यासमोर होती आणि मी हात पुढे केला नव्हता.

"उन्हाळ्यात मेण टिकत नाही," सर म्हणाले आणि तो गोळा काड्यापेटीत नीट कापसावर ठेवून मला परत दिला. दारापर्यंत पोचवायला आले. "रिक्षा करून जा. चालत जाऊ नकोस."

मी चालत गेले. घरी जाऊन फुलस्केप कागद घेतला आणि भालेरावांना उत्तर लिहिलं. एकच वाक्य. "उपलब्ध पुराव्यावरून बनावट नाणी केव्हा मिसळली गेली हे निश्चित सांगता येत नाही." शास्त्रात हे वाक्य मी शेकडो वेळा वापरलं होतं. त्यात खोटं काही दिसत नाही, हेच त्याचं बळ. मी तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला, काड्यापेटीच्या बाजूला.

बुधवारी अकराला दहा कमी असताना मी कचेरीच्या पायऱ्या चढले. नागव्वा व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"बसले बगा," ती म्हणाली. "तुमी म्हनलं तशी."

देशमाने पिशवी घेऊन कोपऱ्यात उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. आज विनोद नव्हता.

"तिला सांगू नका मॅडम. सकाळी वडाराला दवाखान्यात नेलंय. पडला म्हणतात, कोठडीत. थुंकीत रक्त येतंय."

"पडला?"

"म्हणतात." ते माझ्याकडे न पाहता बोलले. "उद्या आरोपपत्र पडलं की मग बिचाऱ्याचं काही खरं नाही. आधीच अर्धा झालाय."

मी मागे वळून पाहिलं. नागव्वा भाकरीच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधत होती.

आत पंखा कुरकुरत होता. भालेराव फायलीवर वाकले होते. वयाने माझ्याच एवढे, दमलेले. त्यांच्या समोर सर बसले होते. पांढरं धोतर, काळा कोट, हातात चहाची बशी. मी आत येताच त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली. ती त्यांची नेहमीची, सवयीची हालचाल होती. मी बसले. देशमान्यांनी सील फोडून पाच नाणी टेबलावर एका ओळीत ठेवली.

"हं, मॅडम," भालेराव म्हणाले. "मला एवढंच हवंय. ही पाच आत केव्हा आली? लोट्यात होती, की नंतर?"

मी पर्स उघडली. कागद हाताला लागला.

"मी सांगतो, साहेब," सर म्हणाले, प्रेमाने. "प्रमिला माझी विद्यार्थिनी नव्हे, पण मुलीसारखी. ती फार काटेकोर आहे. तिचं उत्तर मला माहीत आहे. उपलब्ध पुराव्यावरून निश्चित सांगता येत नाही. हो ना गं?"

जवळजवळ शब्दाला शब्द तेच वाक्य होतं. मी तो कागद कुणालाही दाखवला नव्हता.

भालेरावांनी टोपण काढलं. "असंच लिहू का मग?"

पंख्याच्या वाऱ्याने फायलीचं पान फडफडलं. देशमान्यांनी ते बोटाने दाबून धरलं. टेबलावरच्या तिसऱ्या नाण्याच्या कडेला तो लहान, तिरपा खळगा मला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. बाहेरून नागव्वाच्या खोकल्याचा आवाज आला. ती कुणाला तरी पाणी मागत होती.

मी पर्स बंद केली. कागद आतच राहिला.

"नाही," मी म्हटलं. "सांगता येतं."

सरांनी बशी टेबलावर ठेवली.

"काय सांगता येतं?" भालेरावांनी विचारलं.

"लिहून घ्या, साहेब. माझा अहवाल चुकला आहे. मी सोनं तपासलं, नाणं तपासलं नाही. त्याची जबाबदारी माझी. ही पाच नाणी लोटा सरकारजमा झाल्यानंतर ओतली गेली आहेत, आणि ती गंगाधर मुळावेकरांच्या घरी, त्यांच्या भट्टीत ओतली गेली आहेत. खरी पाच अजून तिथेच आहेत. पुरावा बाहेर व्हरांड्यात बसला आहे. तिला आत बोलवा, आणि तिच्या हातात मेणाचा एक तुकडा द्या."